दौलतराव बसत नाहीत

सोमवारी संध्याकाळी दौलतराव ओव्हाळ ताट हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि उभ्यानेच जेवू लागले. इंदुबाईंनी आधी पाट सरकवला, मग चटई पसरली, शेवटी स्टूल आणून ठेवलं.

"अहो, बसा ना."

"नको. बरं वाटतंय असं."

"आमटी सांडतेय शर्टावर."

"सांडू दे."

इंदुबाईंनी मुलीकडे पाहिलं. सुहासिनी नुकतीच बी.कॉम. झाली होती आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण तिला ठाऊक असतं असं मानण्याची पद्धत होती. "बुफेची प्रॅक्टिस करतायत पप्पा," ती म्हणाली आणि तिने भाकरी मोडली.

बसणं हा दौलतरावांचा खरा गुण होता. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात ते टाइम ऑफिसमध्ये क्लार्क होते. तिथे दिवसभर बसायचं आणि बुवापाड्यात घरी आलं की उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेल्या वेताच्या आरामखुर्चीत बसायचं. तिथे टेकले की त्यांचे डोळे अर्धे मिटत. समोरची भिंत हळूहळू पातळ होई, तिच्या पलीकडे बारवी धरणाचं पाणी दिसू लागे आणि पाण्यावर एक होडी. होडीत ते स्वतः, पांढऱ्या कपड्यांत. होडी कुठे चाललीय याची त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. इंदुबाई याला झोप म्हणत, दौलतराव विचार म्हणत.

त्या सोमवारी दुपारी कारखान्यात आरोग्यावरचं व्याख्यान होतं. कँटीनमध्ये पुरीभाजी झाल्यावर टेबलं बाजूला सारून पांढरा पडदा लावला होता. मुंबईहून एक डॉक्टरीण बाई आल्या होत्या. आवाज मऊ, पंखा संथ. पडद्यावर आतड्याचं चित्र आलं, गुलाबी, वळणावळणाचं. दौलतरावांना तो घाटातला रस्ता वाटला. ते त्या रस्त्याने चालू लागले. दोन्ही बाजूंना झाडी होती, गार वारा होता, लांबून कोणीतरी बाई काहीतरी समजावून सांगत होती, पण ती दुसऱ्या कोणाला तरी सांगत असावी. मग वळणावर त्यांना ठेच लागली आणि ते जागे झाले. बाई म्हणत होत्या, "...नुसतं बसून राहणाऱ्या माणसांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो." टाळ्या झाल्या. चहा आला.

दौलतराव उठले ते उठलेच.

घरी सांगण्याची सोय नव्हती. येत्या रविवारी बदलापूरहून शेजवळ मंडळी सुहासिनीला बघायला येणार होती. मुलगा अनंता टेलिफोन खात्यात होता, स्थळ चांगलं होतं, आणि सुहासिनीने त्याचा फोटो आपल्या पुस्तकात ठेवला होता हे सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत नव्हतं. अशा वेळी घरात कॅन्सर हा शब्द काढायचा? तो शब्द उच्चारला तरी लोक दारावरून वळून जात. तेव्हा बसायचं नाही आणि बोलायचंही नाही, असं दौलतरावांनी ठरवलं. सकाळी संडासात बसावंच लागे. तेवढी सूट त्यांनी स्वतःला दिली.

कारखान्यात त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उभ्याने हजेरी लिहायला घेतली. युनियनचे सेक्रेटरी येऊन हात मिळवून गेले. "मानलं तुम्हाला! उभं राहून निषेध! आधी सांगायचं ना, आम्ही पण उभे राहिलो असतो." निषेध कशाचा हे त्यांनी विचारलं नाही. मॅनेजरने मात्र घाबरून नवी फिरती खुर्ची मागवली, गादीची, हातवाली. दौलतराव तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्या शेजारी उभे राहिले, फोटो स्टुडिओत नवरा बायकोच्या खुर्चीशेजारी उभा राहतो तसे. दुपारी त्यांना उभ्या उभ्या होडी दिसू लागली. होडीतसुद्धा ते आता उभे होते आणि त्यामुळे ती जरा डुलत होती.

शेजारच्या मोतीबाईंनी दोन दिवस हे सगळं दारातून पाहिलं आणि निदान केलं.

"इंदुबाई, भावजींना मूळव्याध झालीय. माझ्या दिराचं असंच झालेलं. माणूस सांगत नाही हो, लाजतो."

इंदुबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मूळव्याध म्हणजे निदान वेड तरी नव्हे. त्या दिवसापासून घरात रविवारचं तळलेलं मटण बंद झालं. सुरणाची भाजी, मुळ्याचा पाला, ताक, कोंड्यासकट भाकरी असा मारा सुरू झाला. मोतीबाई उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जाऊन एका सिंधी वैदूकडून काळ्या गोळ्या घेऊन आल्या.

"साईं बोलला, टेन्शन नहीं लेने का. आठवड्यात खुर्चीवर उडी मारून बसतील."

दौलतरावांनी गोळ्या निमूट खिशात टाकल्या. मूळव्याध ही आड लपायला उत्तम जागा होती. शिवाय त्या पालेभाज्यांनी पोट असं हलकं झालं होतं, की आपण जमिनीपासून बोटभर वर तरंगतोय असं त्यांना अधूनमधून वाटे.

रविवारी शेजवळ मंडळी आली. अनंता आला, त्याचे वडील शिवराम आले. ते उंच, मोठ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी खुर्चीवर बसताना एकदा डोळे मिटले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि शिवरामांची थोरली बहीण राजाबाई आली, जिच्या होकाराशिवाय शेजवळांच्या घरात पंखासुद्धा विकत घेत नसत.

जयभीम झाला, पाणी झालं, पोहे आले. सुहासिनीने अनंताकडे आणि अनंताने पोह्यांकडे पाहिलं. सगळे बसले. दौलतराव भिंतीला टेकून उभे राहिले, हात पुढे बांधून.

"बसा की," राजाबाई म्हणाल्या.

"असू दे. तुमचं चालू द्या."

"आवो, बसा म्हंते मी."

"नाही नाही. मी उभाच बरा."

राजाबाईंनी बशी खाली ठेवली. "आमी काय पाटील हाय का इनामदार?"

"अं?"

"माझ्या आज्यानं पाटलाच्या दारात हात बांधून उभ्यानं जल्म काढला. माझा बाप बसला नव्हता कुनापुढं, त्याला बसू देत नव्हते. आपलं आपन शिकलो, धम्म घेतला, खुर्चीत बसाया लागलो. आन् आज तुमी पोरीचा बाप म्हनून माज्यापुढं हात बांधून उभं? हे असलं घर नको आमाला. शिवराम, ऊठ."

सुहासिनीचा चेहरा पांढरा पडला. बाईचं बोलणं इतकं खरं होतं की दौलतरावांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खाली बसावंसं वाटलं, मनापासून. गुडघे वाकलेसुद्धा. तेवढ्यात दारातून मोतीबाई आत घुसल्या.

"अहो ताई, काय बोलताय! त्यांना मूळव्याध आहे! बसता येत नाही बिचाऱ्यांना!"

दौलतराव अर्धे वाकलेले तसेच राहिले. आता बसलो तर मोतीबाई खोट्या पडणार, नाही बसलो तर हे दुखणं कबूल करावं लागणार. लेकीकडे एकदा पाहून ते हळूहळू परत सरळ झाले.

"हो," ते म्हणाले. "फार आहे."

राजाबाई विरघळल्या. "आगं बया! मग सांगायचं न्हाई का. खा, सुरन खा." आणि त्यांनी पोह्यांची बशी परत उचलली.

शिवराम मात्र उठले. "दौलतराव, जरा बाहेर या. गॅलरी दाखवा तुमची."

गॅलरीत दाखवण्यासारखं काही नव्हतं. दोरीवर कपडे होते आणि त्यांच्या मागे लांबवर निळसर डोंगर. शिवरामांनी ओल्या टॉवेलाआड तोंड नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "रक्त जातं का?"

दौलतरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, पण एकदा सुरू झालं होतं. "जातं."

"मला दिवाळीपासून जातंय." शिवराम डोंगराकडे पाहत होते. "घरात कोणाला ठाऊक नाही. पोट कधी साफ, कधी चार दिवस बंद. वजन उतरलंय. लोक म्हणतात, शिवराम, बारीक झालास, छान दिसतोस. मी म्हटलं, मूळव्याध असणार, जाईल. माझे वडील असेच गेले पोटाच्या दुखण्याने. कोणी काही शोधलं नाही." ते थांबले. "तुम्ही चारचौघांत कबूल केलंत. मला नाही जमलं. तुमचा डॉक्टर कोण?"

दौलतरावांना डॉक्टर नव्हता. त्यांना जगात एकच डॉक्टर माहीत होती आणि तिचंही त्यांनी एकच वाक्य ऐकलं होतं. "एक बाई आहेत," ते म्हणाले.

"बाई?" शिवरामांच्या मिशा थरथरल्या.

"चांगल्या आहेत. आवाज मऊ आहे."

"मग असं करू. तुमच्याबरोबर येतो. पण पहिले तुम्ही आत जायचं. काय करतात, दुखतं का, सगळं मला सांगायचं. मग मी जाईन. नाहीतर नाही."

कारखान्यात चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या बाई दर गुरुवारी स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात येतात. गुरुवारी दोन होऊ घातलेले व्याही तिथे गेले. बाकावर शिवराम एका कुल्ल्यावर बसले, दौलतराव उभे राहिले. नाव पुकारलं तसे दौलतराव आत गेले.

बाईंनी सगळं विचारलं. दौलतरावांनी शिवरामांची सगळी लक्षणं स्वतःची म्हणून सांगितली, कारण स्वतःचं सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं. बाई गंभीर झाल्या. "डाव्या कुशीवर झोपा. गुडघे पोटाशी घ्या." आणि त्यांनी हातमोजा चढवला.

त्यानंतर जे झालं ते थोड्या वेळाचंच होतं, पण दौलतराव त्यात फार लांब जाऊन आले. होडी पाण्याच्या मधोमध थांबली, आकाश पांढरं झालं, कुठूनतरी पक्षी ओरडला. तो पक्षी आपणच होतो हे त्यांना मागाहून कळलं.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," बाई हात धूत म्हणाल्या. "मूळव्याधसुद्धा नाही. मग रक्त जातं म्हणून का सांगितलंत?"

दौलतरावांनी पायजम्याची नाडी बांधली आणि सगळं सांगून टाकलं: व्याख्यान, उभं राहणं, मोतीबाई, राजाबाई, आणि बाहेर बाकावर बसलेला माणूस.

बाईंनी धुतलेले हात पुन्हा एकदा धुतले. हसू आवरत असाव्यात. "मी उभे राहा असं कधी म्हटलं?"

"बसू नका म्हणालात."

"अहो, चाला-फिरा म्हटलं! आणि तेवढंच नाही. पोट सुटू देऊ नका, विडी-सिगरेट सोडा, दारू सोडा, मटण रोज नको, पालेभाज्या आणि कोंडा खा. पन्नाशी उलटली असेल, घरात कोणाला हा आजार झाला असेल, तर आणखी जपा. आणि रक्त गेलं तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. तासभर बोलत होते मी. तुम्ही कुठे होता?"

"घाटात," दौलतराव म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी शिवरामांच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखत नाही. लाज वाटते, पण ती आतल्या आत राहते. जा."

शिवराम गेले. बराच वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्यात मोडासारखी एक गाठ निघाली, नुकती वाईट वळणाला लागलेली. ती काढली. बाई म्हणाल्या, आणखी वर्षभर मूळव्याध म्हणून गप्प राहिला असतात, तर ती काढून भागलं नसतं. त्या दिवशी राजाबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या आणि दौलतरावांना त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं. दौलतराव बसले. खूप दिवसांनी बसल्यामुळे त्यांनाही रडू आलं.

लग्न वैशाखात झालं. शिवराम आता बोलू लागले होते, नको तितके. भर मांडवात माईक घेऊन त्यांनी आपल्या आतड्याची हकिगत पहिल्यापासून सांगितली. "माझे व्याही माझ्या आधी आत गेले! असा माणूस आहे!" असं म्हणून त्यांनी दौलतरावांना उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. जेवणाच्या पंगतीतली निम्मी माणसं हात धुऊन उठली. सुहासिनी आणि अनंता पदराआड आणि रुमालाआड हसत होते.

पण त्या निम्म्यांतल्या दोघा-तिघांनी नंतर दौलतरावांना हळूच एकटं गाठलं. एकाने गॅलरीत नेऊन विचारलं. एकाने गिरणीच्या रांगेत विचारलं. युनियनचे सेक्रेटरी, ज्यांना मॅनेजरची भीती वाटत नसे, त्यांनी टाइम ऑफिसचं दार लावून घेऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही येणार बरोबर?" प्रत्येकाची अट एकच होती. ती शिवरामांनी मांडवात जाहीरच केली होती.

आता गुरुवारी दुपारी दवाखान्याचं दार ढकलून दौलतराव आत जातात. बाई चष्म्यावरून पाहतात.

"या दौलतराव. आज कोणाला आणलंत?"

"कारखान्यातले आहेत. फार घाबरलेत हो. तुम्ही जरा मला तपासल्यासारखं करा, दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे त्यांना ऐकू जाईल."

मग ते चपला काढतात, सवयीने डाव्या कुशीवर वळतात, गुडघे पोटाशी घेतात आणि बाहेर ऐकू जाईल अशा शांत, समाधानी आवाजात म्हणतात, "काही दुखत नाही!" खिडकीतून वारा येत असतो. बाई बाहेरच्या माणसाचं नाव पुकारतात, एकदा, दोनदा, आणि मग दौलतरावांना हलवून जागं करतात.