दामूअण्णाचं अर्धं नाटक

हलवायाच्या कढईपुढे उभं राहून, जिलबीकडे टक लावून, घरून आणलेली भाकरी खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचा दामूअण्णा. भाकरीचा तुकडा मोडायचा, चटणीला लावायचा, तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून कढईवरचा वास असा काही ओढून घ्यायचा, की मागच्या गिऱ्हाइकाला आपल्या वाटणीचा उरतो की नाही अशी धास्ती वाटावी. जिलबी मात्र तो चाखायचाही नाही.

"अरे, एक खाऊन तर बघ," मी म्हणायचो.

"पोट बिघडतं."

"मग इथं उभा कशाला राहतोस?"

"नाक बिघडत नाही," दामूअण्णा शांतपणे म्हणायचा आणि दुसरा तुकडा मोडायचा.

आम्ही दोघे कल्याणचे, पारनाक्याजवळ राहणारे. मी मामलेदार कचेरीत कारकून आणि तो स्टेशनावर, पार्सलांच्या खोलीत. आगगाडी येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं इंजिनाला अजून लांबूनच नमस्कार करत. दामूअण्णाची बायको लवकर गेली. दुसरं लग्न त्याने केलं नाही. घरात तो आणि त्याची थोरली बहीण यमूताई, एवढी दोनच माणसं. यमूताई कळायच्या वयाआधीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आई वारल्यावर दामूअण्णाला तिनंच वाढवलेलं.

रेल्वेचा पास खिशात असल्यामुळे महिन्यातून एखादा रविवार तो मुंबईला जायचाच, आणि जाताना मला ओढायचा. मीही जायचो. खोटं कशाला बोलू, जिलबीसाठी जायचो. भायखळ्याला उतरायचं, बाजारातून रमतगमत ग्रँट रोडच्या नाटकगृहांकडे चालत जायचं, हा आमचा ठरलेला रस्ता. लोकांना तो रस्ता अर्ध्या तासाचा. आम्हाला त्यात अर्धा दिवस जायचा, कारण दामूअण्णा प्रत्येक दुकानापुढे थांबायचा. बर्फी कापताना सुरी कुठे अडते, शेव झाऱ्यातून पडताना तुटते की अखंड पडते, कांदाभजी तेलात टाकली की आधी बुडते की आधी चुरचुरते, सगळं त्याला पाहिजे. एकदा तर तो पाकाच्या परातीला कान लावून बसला.

"काय ऐकतोस?" मी विचारलं.

"गप. जिलबी पाक पिते त्याचा आवाज येतो."

हलवायाला वाटलं, हा म्युनिसिपालटीचा माणूस. त्याने घाईघाईने सगळ्या परातींवर फडकी टाकली, पोऱ्याकडून दुकान झाडून घेतलं आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, घी असली है, माँ कसम!" वर पानभर जिलबी पुढे केली. दामूअण्णाने तिचा मनसोक्त वास घेतला आणि पान माझ्या हातात दिलं. आता मला सांगा, असा मित्र कोण सोडेल?

त्या वर्षी ग्रँट रोडला एक नाटक जोरात चाललं होतं. बाहेरगावच्या लोकांसाठी कंपनी रविवारी दुपारचा खेळ लावायची. गोष्ट साधीच. प्रधानाच्या चहाडीवर विश्वास ठेवून राजा राणीला रानात हाकलून देतो. मग त्याला खरं कळतं आणि तो तिला शोधायला निघतो. ती सापडते की नाही ते शेवटच्या अंकात. दामूअण्णाला हा शेवटचा अंक बघायचा होता. मागणं काही मोठं नव्हतं. पण आड आला तोच स्वतः.

पहिल्या खेपेला पहिल्याच अंकात राणी शालू नेसून आली. राणीचं काम करणारा नट चांगला धिप्पाड, सकाळची दाढी दुपारपर्यंत पुन्हा हिरवट दिसू लागलेली. राजा तिच्यावर नाही नाही ते आळ घेत होता, लोक श्वास रोखून बसले होते, आणि दामूअण्णा रंगभूमीसमोरच्या पिटात उभा राहिला.

"राणीसरकार, काठ कुठला तो? नारळी की रुईफुली?"

नाटकगृहात एकच हशा पिकला. मी त्याचं धोतर धरून खाली ओढू लागलो.

"आणि जरा पाठमोऱ्या व्हा! खोप्यात काय माळलंय ते दिसत नाही!"

राणी स्वभावाने भली असावी. ती खरोखरच वळली. राजा बिचारा पुढचं सगळं भाषण तिच्या खोप्याला उद्देशून करत राहिला. नाटकगृहाच्या द्वारपालाने आम्हा दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं. मी शेजारी बसलो होतो, एवढाच माझा गुन्हा.

दुसऱ्या खेपेला मी त्याला शपथ घातली, एक अक्षर बोलायचं नाही. त्याने शपथ पाळली. पण रानातला प्रवेश आला. कित्येक दिवसांची उपाशी राणी झाडाखाली बसून अन्नासाठी टाहो फोडणारं पद म्हणू लागली. दामूअण्णाची चुळबुळ सुरू झाली. त्याच्या मांडीवर शिदोरी होती. तो एकदा शिदोरीकडे बघे, एकदा राणीकडे. मग ‘आपण अन्न घेऊन बसायचं आणि ती बाई उपाशी’ हे त्याला सोसेना. तोंडातून शब्द न काढता त्याने शिदोरी रंगभूमीवर भिरकावली. ती नेमकी राणीच्या पायाशी पडली.

कंपनीत नटांच्या जेवणाचे हाल होते, असं पुढे कळलं. राणीने पद थांबवलं, गाठ सोडली, भाकरी आणि मेथीची भाजी बघितली आणि सरळ मांडी घालून जेवायलाच बसली. इतक्यात ठरल्याप्रमाणे तिला भिववायला वाघ आला. वाघ जरा घुटमळला. राणीने अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढे धरली. वाघानेही कातडं मागे सारलं आणि शेजारी बसून खाल्ली. पिटातून "वन्स मोअर!" चा असा गदारोळ उठला, की कंपनीच्या मालकाने रागारागाने पडदा पाडला तो पाडलाच. खेळ तिथेच संपला.

परतीच्या गाडीत मी बोलत नव्हतो. दामूअण्णा मात्र खुशीत.

"भाकरी आवडली हो तिला. आज मऊ झाली होती."

"आणि शेवट?" मी कुचकटपणे विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "तेच म्हणतो मी. अर्धं नाटक घरात ठेवून चालत नाही रे."

नाटक घरात ठेवायला ते काय लोणचं आहे? पण पुढचे काही आठवडे तो खरोखर बेचैन होता. बदलापूरच्या करंड्या त्याने ठाण्याला पाठवल्या. साहेबाने झाडलं तर म्हणे, "जरा विचारात होतो." मी कचेरीत जायला निघालो की वाटेत गाठायचा आणि हळूच विचारायचा, "रघुनाथा, तुला काय वाटतं? राजा पोचला असेल वेळेवर?" एखादा नातेवाईक परगावी आजारी असावा, तसा तो बोलायचा. मग एक दिवस बातमी आली की कंपनी कायमची हुबळीकडे चालली, येता रविवार शेवटचा. दामूअण्णा धावत माझ्याकडे आला.

"आता हा चुकला तर मला तोंड दाखवायला जागा नाही," तो म्हणाला. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्या रविवारी बाजारात त्याने वास घेतले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. नाटकगृहाच्या दाराशी मला धडकी भरली होती, द्वारपाल आम्हाला ओळखणार म्हणून. त्याने ओळखलंच.

"या, भाकरीवाले!" तो म्हणाला. "राणीसाहेबांनी दोनदा विचारलं, आज काय आणलंय म्हणून. शिदोरी इकडे द्या, मी आत पोचवतो."

दामूअण्णाने शिदोरी दिली, आत जाऊन बसला आणि उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. तीन अंक तो तसाच होता. शेवटचा अंक आला. राजा रानात पोचला. राणी सापडली, पण शेवटच्या घटका मोजत. तिने पाणी मागितलं. राजा पानाचा द्रोण घेऊन ओढ्याकडे धावला, आणि तो परत येईपर्यंत राणीने प्राण सोडला. नाटकगृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. मी स्वतः डोळे पुसले. दामूअण्णा रडला नाही. त्याने तोंडातला बोळा काढला आणि तडक रंगपटात शिरला. त्याच्या मागे मीही.

कंपनीचा मालकच राजाचं काम करत होता. मुकुट काढून तो विडी ओढत होता.

"हा कसला शेवट?" दामूअण्णा म्हणाला. "बदला तो."

"आपण कोण?"

"पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन यायला तुम्हाला काय झालं होतं? राजा ना तुम्ही? रानात जायचं तर माणूस पाणी घेऊन जातो!"

मालकाने धूर सोडला. "अहो, ती मरते म्हणून लोक रडतात, आणि रडतात म्हणून पुन्हा येतात."

कोपऱ्यात राणी गंगावन उतरवून आमच्या भाकरीचा शेवटचा घास खात होती. "मलाही नाही आवडत मरायला," ती जाड आवाजात म्हणाली. "फळीवर पडून पडून पाठ धरते. पण शेटजींपुढे कोण बोलणार?"

दामूअण्णा तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "खोप्यात आज शेवंती होती ना?"

"होय. कागदाची."

"बरं," तो म्हणाला आणि निघाला.

गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. ठाण्याची खाडी गेली, मुंब्र्याचा डोंगर गेला, तरी तो तसाच. कल्याणला उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. मी घराकडे वळणार, तोच त्याने माझा हात धरला.

"घरी चल. मला एकट्याने जमायचं नाही."

काय जमायचं नाही, हे मला कळेना. त्याच्याकडे गेलो. पाय धुऊन तो स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीला पाठ लावून बसला. मी बाहेर पाटावर टेकलो. आत चुलीचा उजेड होता आणि विधवेच्या लाल आलवणाची कड तेवढी दिसत होती.

"आलास का रे, दामू?" यमूताईचा आवाज आला. "आधी बाजार सांगतोस, की आधी नाटक?"

"आधी बाजार," दामूअण्णा म्हणाला.

आणि तो सांगू लागला. तूप तापल्यावर पहिला वास कसा येतो, पीठ पडलं की तो कसा बदलतो, मग केशर, मग कडेला जरासं करपल्याचा. जिलबी पाक पिते तेव्हा आवाज कसा होतो तो त्याने तोंडाने काढून दाखवला. ताई मध्येच विचारायची, "आणि मोडली की?" आणि हा सांगायचा. मग शालू, त्याचा रुईफुली काठ, खोप्यातली शेवंती. कागदाची, हे त्याने सांगितलं नाही. इतके दिवस मी ज्याला खूळ समजून हसत होतो, ते सगळं हा माणूस या एका बाईसाठी गोळा करत होता. देऊळ आणि विहीर यापलीकडचं गावसुद्धा तिने पाहिलं नव्हतं. बाहेरचं अन्न तिला चालायचं नाही, म्हणून यानेही ते कधी तोंडाला लावलं नाही. मला माझ्या पोटातल्या जिलब्या एकाएकी जड वाटू लागल्या.

"आणि शेवट रे?" ताईने विचारलं. आतली भांडी वाजायची थांबली. "पोचला का राजा?"

दामूअण्णाने माझ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला माणूस मी क्वचित पाहिला असेल.

"पोचला," तो म्हणाला. "अगदी वेळेवर."

"खरंच का, रघुनाथा? हा माझं मन राखायला काहीही सांगतो."

"खरंच, ताई," मी म्हणालो. "पाण्याने भरलेला तांब्यासुद्धा बरोबर आणला होता. राणी पाणी प्यायली, दोघं रथात बसून राजधानीला गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

आतली भांडी पुन्हा वाजू लागली.

"बरं झालं," ताई म्हणाली. "पण इतके दिवस एकटी रानात राहिली ती, उपाशीतापाशी. भाऊ नव्हता का रे तिला?"

दामूअण्णाने मान खाली घातली. शेवटी मीच म्हणालो, "नव्हता, ताई."

"अगं बाई," यमूताई कळवळून म्हणाली, "मग राणी असून काय उपयोग!" आणि ती आमची पानं घ्यायला उठली.