निजवलेला कंप्युटर

परशुराम रेडकरांनी ती काळी डबी तळहातावर घेतली, वजन करत असल्यासारखी खालीवर केली आणि पुतणीला विचारलं, "म्हंजे माझो अख्खो कंप्युटर ह्येच्यात?"

"अख्खो, काकानू," संचिता म्हणाली. ती कुडाळला संगणक दुरुस्तीचं काम करायची. "तुमचो जुनो विंडोज, शब्दकोशाचो प्रोग्राम, फॉन्ट, सगळा."

परशुरामांचा जुना संगणक शिरोड्याच्या खाऱ्या हवेने आतून पोखरला होता. शब्दकोशाचा प्रोग्राम एका मित्राने पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला. तो नव्या संगणकावर उघडायलाच तयार नव्हता आणि मित्रही आता हयात नव्हता. आत मात्र बावीस वर्षं गोळा केलेले नऊ हजार मालवणी शब्द होते. संचिताने त्या यंत्राचा सगळा जीव काढून या ड्राइव्हमध्ये भरला. नव्या लॅपटॉपला डबी जोडली की पडद्यावर एक चौकट उघडे आणि त्या चौकटीत जुना संगणक जसाच्या तसा चालू होई. परशुराम दोन दिवस तोंडात बोटं घालून बघत राहिले. बायकोला, लक्ष्मीबाईंनाही हाक मारून दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं, "बरा आसा," म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला गेल्या.

"गुरवारी ओरोसाक समितीसमोर दाखवचा आसा मा?" संचिताने समजावलं. "मगे हो बंद करूची गरज नाय. हय दाबलात काय तो निजता. थंयच्या कंप्युटरार उठवलात काय जंय निजलो थंयसूनच पुढे चलतलो. फकत एक करा. तो जागो असताना डबी ओढून काढू नकात. काढलात तर एक शब्द परत गावाचो नाय. दुसरी कॉपी मी आयतवारी येवन करतंय."

गुरुवारी पहाटेच उठून परशुराम कामाला बसले. आदल्या दिवशी शेजारच्या म्हातारीला स्वयंपाकघरात बसवून तिचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. ते याच संगणकात घालून, ऐकत ऐकत परशुराम शब्द टिपत होते. 'येरवाळी', म्हणजे भल्या सकाळी, हा शब्द अर्धा टंकला होता, तेवढ्यात लक्ष्मीबाई ओरडल्या, "बस सुटतली!" परशुरामांनी घाईघाईने संगणक निजवला, डबी रुमालात गुंडाळली आणि धावले.

ओरोसच्या सभागृहात बोलीभाषा समितीचे बारा सदस्य बसले होते. अध्यक्ष लिंडा फर्नांडिस, सावंतवाडीच्या निवृत्त मराठी शिक्षिका. तिथला कर्मचारी गुरुप्रसाद याने संचिताने फोनवर सांगितल्याप्रमाणे सगळी तयारी करून ठेवली होती. संगणक टेबलाच्या कुलूपबंद कप्प्यात होता. बाहेर फक्त डबी जोडायची जागा, माउस आणि कीबोर्ड. गुरुप्रसादने डबी जोडली.

मोठ्या पडद्यावर परशुरामांचा संगणक जागा झाला. 'येरवा' एवढं लिहून थांबलेली रेघ पुढच्या अक्षराची वाट बघत लुकलुकू लागली. भिंतीवर साडेअकरा वाजले होते. चौकटीतल्या घड्याळात अजून सकाळचे सहा दहा.

लिंडाबाई उठून पडद्याजवळ गेल्या. "रेडकर, तुम्ही तर शिरोड्याची सकाळच उचलून आणलीत!"

तेवढ्यात छतावरच्या कर्ण्यांतून शेजारच्या म्हातारीचा आवाज आला. रेकॉर्डिंगही जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं होतं. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी "येतंय गो" म्हणाली, दार वाजलं, आणि परशुरामांच्या लक्षात आलं की काल आपण रेकॉर्डर बंदच केला नव्हता.

"गेली म्हातारी?" कर्ण्यांतून लक्ष्मीबाई कडाडल्या. "आता माझा आयका! शिरा पडली तुमच्या त्या शब्दांर! घरात मीठ नाय आणि ह्ये शब्द येचतत!"

"बंद कर, बंद कर!" परशुराम कुजबुजले.

"माउसाचो बाण त्या चौकटीत जावन अडाकलो!" गुरुप्रसाद माउस हलवत म्हणाला. "हलणाच नाय!"

"उजव्या बाजूचा कंट्रोल दाब, भायर येता!" परशुराम म्हणाले.

गुरुप्रसादने कीबोर्ड उचलून दाखवला. उजव्या बाजूला त्या बटणाच्या जागी नुसतं भोक होतं. कप्प्याची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई चहा आणायला गेला होता.

"ओरोसाक जातत!" लक्ष्मीबाई रंगात आल्या. "थंय बारा जाणा माना डोलवतली आणि चाय ढोसतली! एकाक तरी सुंगटा सोलूक येतत काय, इचारा त्या अध्यक्षीणबायेक!"

गुरुप्रसादचा हात डबीकडे गेला. परशुरामांनी टेबलावर झेप घेऊन ती दोन्ही हातांनी झाकली. "ओढू नको! मरात तो!"

मग सात मिनिटं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. नऊ हजार शब्द पोटाशी धरून परशुराम आडवे पडून राहिले आणि वरून लक्ष्मीबाई कोसळत राहिल्या. पाव्हणे, पिढ्या, पाय न पुसता आत येणं, काही म्हणजे काही सुटलं नाही. कोळंबी सोलता न येणारे सदस्य माना खाली घालून बसले होते. शेवटी दूर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि आवाज थांबला.

चहा आला. कोणी कपाला हात लावेना.

लिंडाबाईंनी वही मिटली. तिच्यात दोन पानं भरली होती. "रेडकर, यातले एकतीस शब्द मी टिपलेत. तुमच्या कोशात किती आहेत?"

"शिव्याशाप मी घेतले नाहीत, मॅडम," परशुराम उठत म्हणाले. "बरं दिसत नाही."

"अहो, भाषेतला जिवंत भाग तोच! पुढच्या गुरुवारी त्यांनाच घेऊन या."

पुढच्या गुरुवारी लक्ष्मीबाई नारळी काठाची साडी नेसून, आबोलीचा वळेसर माळून ओरोसला आल्या. समोर माइक ठेवला. सगळे पेनं सरसावून बसले.

"नमस्कार," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आपण मला इथे बोलावलंत, याबद्दल मी आपली अत्यंत आभारी आहे."

लिंडाबाई जरा पुढे झुकल्या. "समजा, घरातलं मीठ संपलंय आणि यांनी आणलं नाही. तर तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, अहो, येताना कृपया मीठ आणाल का?"

तास झाला. लक्ष्मीबाईंच्या तोंडून एक अक्षरसुद्धा वेडंवाकडं आलं नाही. परशुराम तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत होते. तेहतीस वर्षांत असली मराठी त्यांनी घरात ऐकली नव्हती. वह्या कोऱ्याच मिटल्या.

दोघं स्टँडवर पोहोचली तेव्हा शिरोड्याची बस फाटकातून बाहेर पडत होती. पुढची दोन तासांनी. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं, पदर खोचला आणि सुरुवात केली. स्टँडवरची माणसं थबकली. एक कंडक्टर तिकिटांचं यंत्र हातात धरून तसाच उभा राहिला.

परशुरामांनी खिसे चाचपून पेन्सिल काढली, गुडघ्यावर कागद धरला आणि भराभरा लिहू लागले. लक्ष्मीबाई दम खायला थांबल्या, तेव्हा नवऱ्याने मान वर केली.

"गो," ते अगदी अदबीने म्हणाले, "तो तिसरो शब्द वायच परत सांगशीत?"