पोर्चमध्ये सरळ दिसणारी गाडी

आमच्या केंद्राचे संचालक भीमाचार्य यांची पांढरी गाडी डावीकडे झुकलेली आहे, ही गोष्ट १९९६ साली एका सोमवारी अधिकृतपणे आमच्या लक्षात आली. अनधिकृतपणे ती सगळ्यांना फार आधीपासून दिसत होती. पण बंगळूरच्या पूर्वेला, महादेवपुऱ्यातल्या निलगिरीच्या झाडांमागे असलेलं आमचं कंपन अभ्यास केंद्र सरकारी अनुदानावर चालतं, आणि अशा ठिकाणी दिसणं वेगळं आणि लक्षात येणं वेगळं.

त्या सोमवारी दिल्लीहून एक मोठे पाहुणे आले होते. पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे मान वाकडी करून बघत त्यांनी विचारलं, "इथली जमीन उतरती आहे का?"

आमचे प्रशासकीय अधिकारी अजित देवधर हे मूळचे पुण्याचे. प्रश्न कोणी विचारला आहे ते पाहून मगच उत्तर ठरवायचं, ही त्यांची पद्धत. ते ताबडतोब म्हणाले, "हो. थोडी आहे."

एवढ्या मोठ्या माणसाला हो म्हटल्यावर जमीन उतरती असणं भागच होतं. दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावले गेले. त्यांनी पाणसळ लावून पाहिली आणि फरशी सपाट असल्याचं सांगितलं. देवधरांनी त्यांना पाणसळ गाडीच्या बंपरवर ठेवायला सांगितली. त्या मापानं पोर्चची पायऱ्यांकडची, म्हणजे डावीकडची बाजू उचलून नवी फरशी बसवण्यात आली. गाडी आत आणून उभी केली, तर काय सरळ! केंद्रात मैसूरपाक वाटला.

तेव्हापासून पोर्चमधून येणारा प्रत्येक जण पायऱ्यांपाशी अडखळू लागला. अडखळला की तो वाकून आपली चप्पल पाही. अंगठा शाबूत असे, टाचही जागेवर असे. फरशीकडे मात्र कोणी पाहिलं नाही, कारण ती नुकतीच दुरुस्त झाली होती.

पोर्चमधला प्रश्न असा सुटला. पण भीमाचार्य साहेबांना अधूनमधून केंद्राबाहेरही जावं लागे, आणि बाहेरच्या रस्त्यांवर देवधरांचा अंमल नव्हता. बंगळूरच्या रस्त्यांवर खड्डा संपला की हंप, म्हणजे गतिरोधक, येतो आणि हंप संपला की खड्डा. दर वेळी गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून 'धाड्' असा आवाज येई आणि साहेबांचं डोकं छताला लागे. शेवटी साहेब म्हणाले, "काहीतरी वाजतंय." लगेच समिती नेमली गेली.

समितीपुढे पहिल्यांदा ड्रायव्हर बसवंतला बोलावलं. बसवंत निपाणीकडचा, हंगामी नोकर. वर्षानुवर्षं हंगामीच होता. कायम झाला असता तर त्याला केंद्राच्या चाळीत खोली मिळाली असती, आणि बायको महानंदा आणि दोन पोरींना निपाणीहून आणता आलं असतं. त्याची फाइल साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. साहेब तिच्यावर चष्मा ठेवत.

"सर, मागची डावी स्प्रिंग बसलीया," बसवंत म्हणाला. "तिच्यातला शॉकअप पण गेलाय. तेल गळतंय बघा की. नवं टाकायचं तर दोन्ही बाजूचं जोडीनं टाकाय लागतंय, नाहीतर गाडी परत वाकडी."

"पण डावीच का बसली?" देवधरांनी विचारलं. "उजवी का नाही?"

समितीतल्या चौघांनीही पंख्याकडे पाहिलं. मोठा माणूस गाडीत मागे, डावीकडे बसतो, हे आपल्या देशात लहान मुलालाही माहीत असतं. साहेबही तिथेच बसत. साहेब एकादशीला पाणीसुद्धा घेत नसत, आणि त्याचं उट्टं द्वादशीपासून दशमीपर्यंत काढत.

बसवंतनं तोंड उघडलं.

"विचारल्याशिवाय बोलू नकोस," देवधर म्हणाले.

"तुमीच इचारला की सर."

"मी समितीला विचारलं."

बसवंतला बाहेर बसवून समितीनं बराच विचार केला. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा काढला. पण मग उपसंचालकांची गाडीही झुकली असती, आणि त्यांचा हुद्दा तेवढा नव्हता. दुसऱ्यांनी सांगितलं की झुकणं हे कंपन नसल्यामुळे विषय आपल्या कक्षेत येत नाही. अखेर देवधरांनीच वाट काढली. डावी बाजू जड झालेली नसून उजवी बाजू हलकी पडते आहे, असा निष्कर्ष सर्वानुमते निघाला. समितीला इतकं मोकळं मोकळं वाटलं की स्प्रिंगचं नावच कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

उजवी बाजू भरून काढण्यासाठी स्टोअरमधल्या खंडोजींची निवड झाली. खंडोजींचं घराणं बंगळुरात चार पिढ्यांपूर्वी आलेलं. देहयष्टी साहेबांच्या तोडीची, आणि ती दाखवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

"साहेबांच्या शेजारी बसायचं आणि काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फक्त बसायचं."

"सरी, सर. ते जमतंय आपल्याला," खंडोजी म्हणाले. 'ठीक आहे'ला इकडे 'सरी' म्हणतात.

आता साहेब जातील तिकडे खंडोजी जाऊ लागले. चाव्या त्यांच्या खिशात असल्यामुळे स्टोअर बंद राहू लागलं. बल्ब गेला तर अंधारात काम करावं लागे, आणि कागद संपले की प्रयोग थांबत. पण साहेबांच्या मांडीला मांडी लावून रोज प्रवास करणारा माणूस केंद्रात दुसरा नव्हता. बदली, बढती, मुलाचं वशिल्याचं काम, सगळं लोक खंडोजींच्या कानावर घालू लागले. ते रजेवर गेले तर जागा कोणाला मिळेल याची चर्चा कँटीनमध्ये चाले. वर्षानुवर्षं एक कप दोघांत वाटून बाय-टू कॉफी घेणारी माणसं अख्खा कप मागवू लागली आणि वर एक मसाला डोसा.

गाडी धावताना आता सरळ दिसे हे खरं. फक्त पूर्वी मागचा एकच कोपरा टेकायचा, आता दोन्ही टेकू लागले. मागची चाकं मडगार्डला घासत आणि गाडीत जळक्या रबराचा वास येई. दर हंपवर बसवंत डोळे मिटून घेई. ड्रायव्हरनं असं करू नये, पण त्याला ते बघवत नसे.

पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीत एका परिसंवादाचं उद्घाटन साहेबांच्या हस्ते ठरलं. विषय होता, 'समतोल'. वाटेत, मारतहळ्ळीच्या पुढच्या हंपवर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा डावा कोपरा रस्त्याला टेकला. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते. बसवंतनं धावत जाऊन रिक्षा आणली, साहेबांना आणि खंडोजींना आत बसवलं. समतोल बिघडू नये म्हणून दोघं आपापल्या बाजूलाच बसले. व्याख्यान फार रंगलं म्हणतात.

टाळ्यांच्या आनंदात साहेब परत आले, तेव्हा बसवंत पायऱ्यांपाशी उभा होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसवंत, गाडी सरळ करून आण. पोर्चमध्ये सरळ उभी दिसली, की तिथल्या तिथं तुझ्या कागदावर सही करतो. सरी?"

"सरी, सर," बसवंत म्हणाला, आणि तसाच गॅरेजकडे निघाला.

गॅरेजवाल्यानं गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला आणि हात काढून घेतले. चांगली गाडी एकदा वर येते आणि थांबते. ही वर झाली, खाली झाली, पुन्हा वर झाली, आणि बराच वेळ मान डोलावत राहिली. ती आमच्या केंद्राची आहे हे त्याला तेवढ्यावरूनच कळलं असावं. त्यानं मागच्या दोन्ही स्प्रिंगा आणि ज्यांना तो स्ट्रट म्हणत होता ते दोन्ही शॉकअप जोडीनं बदलले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम संपलंसुद्धा. पुन्हा दाबून पाहिलं, तर गाडी एकदाच वर आली आणि निमूट उभी राहिली. केंद्राच्या मालमत्तेला असं वागणं नवीन होतं.

येताना बसवंतनं मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. हंपवरून गाडी अलगद उतरत होती, कुठे आवाज नाही, कुठे धक्का नाही. एका एसटीडी बूथपाशी थांबून त्यानं निपाणीला किराणा दुकानात फोन लावला आणि निरोप ठेवला, "महानंदाला सांगा, सामान बांधून ठेव म्हणावं."

पोर्चमध्ये सगळं केंद्र जमलं होतं. साहेब पायऱ्यांवर उभे होते. हातात बसवंतची फाइल होती आणि पेनाचं टोपण काढलेलं होतं. गाडी आत आली आणि थांबली.

ती उजवीकडे झुकलेली होती.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ही तर उजवीकडं झुकलीय."

बसवंत गाडीतून उतरला. त्यानं बंपरकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

"साहेब, गाडी सरळ हाय. फरशी वाकडी हाय. जरा पुढं रस्त्यावर घेतो, मग बघा तुमी."

"थांब!" देवधर ओरडले. "गाडी हलवायची नाही!"

देवधरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी सरळ ठरली तर फरशी वाकडी ठरणार. फरशी वाकडी का केली, तर गाडी डावीकडे झुकली होती म्हणून. ती डावीकडेच का झुकली, असं कोणी विचारलं की सगळेजण पुन्हा पंख्याकडे बघणार, आणि पोर्चमध्ये तर पंखाही नव्हता.

बसवंत जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "देवधर सर, तुमाला म्हाइत हाय. तुमीच गवंडी आणला होता."

"तुझं बरोबर आहे, बसवंत," देवधर तितक्याच हळू म्हणाले. "म्हणूनच ते बोलू नकोस."

मग बसवंत आमच्या सगळ्यांकडे वळला. "तुमी रोज हितनं येताय. रोज अडखळताय. एकानं तरी सांगा की ओ साहेबांना! माझ्या पोरी वाट बघाय लागल्यात."

आम्ही सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. खंडोजींनी बुटांकडे पाहिलं. नव्या जागेवर आल्यापासून ते बूट घालत.

वाईट आम्हालाही वाटलं. खूप वाटलं. केंद्रात वाईट वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. ते वाटून झाल्यावर आम्ही आपापल्या टेबलांवर गेलो.

नव्या स्प्रिंगा सदोष असून ड्रायव्हरनं त्या नीट पाहून घेतल्या नाहीत, असं ठरलं. बसवंतची हंगामी नोकरी त्या हंगामात संपली. नवा ड्रायव्हर हुशार निघाला. त्यानं जुन्या बाजारात हिंडून नेमकी तेवढीच बसलेली एक स्प्रिंग शोधून काढली, ती डावीकडे बसवली आणि गाडी पोर्चमध्ये आणली. गाडी सरळ दिसली. साहेबांनी तिथल्या तिथं त्याला कायम केलं. चाळीतली खोलीही त्यालाच मिळाली. बसवंत आता आनेकलच्या बाजूला कोणाची तरी रिक्षा चालवतो. महानंदानं बांधलेलं सामान सोडलं की तसंच आहे, ते विचारायचं धाडस आमच्यात कोणाला झालं नाही.

महादेवपुऱ्याकडे कधी आलात तर आमच्या केंद्रात जरूर या. साहेबांना पाहुण्यांची आवड आहे, ते स्वतः पायऱ्यांवर येऊन स्वागत करतात. शेजारी देवधर असतील, खंडोजी असतील. गाडी सरळ उभी असेल. स्प्रिंग कोणाच्या वजनानं बसली आणि फरशी कोणासाठी उचलली, हे आता तुम्हाला आमच्याइतकंच माहीत आहे. त्या वाकड्या फरशीवर तुम्हीही अडखळाल. साहेब काळजीनं विचारतील, "काय झालं हो?"

तुम्ही वाकून आपली चप्पल पाहाल आणि म्हणाल, "काही नाही, साहेब. चप्पल जरा सैल झालीय."