भाजी कायची होती?

काळमेघकाकांनी मला आजवर एकदाही ‘जेवलीस का?’ असं विचारलेलं नाही. दुपारी दोनला भेटोत नाहीतर साडेचारला, चपला काढता काढता त्यांचा एकच प्रश्न ठरलेला.

"भाजी कायची होती?"

आपण म्हणायचं, वांग्याची. मग "मसाल्याची का साधी?" मग "कोनं केली?" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस खादाड आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, चोंबडा आहे. दोन्ही चूक होतं, पण ते कळायला मला दर्यापूर तालुक्यातली बरीच धूळ खावी लागली.

काका म्हणजे सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. जन्मभर औषधाच्या खिडकीत बसून गोळ्या दिल्या. आमचं ऑफिस अमरावतीत, तीन खोल्यांचं. बीपी आणि शुगरच्या म्हाताऱ्या पेशंटांना गोळीची आठवण करून देणारं मोबाईल ॲप आम्ही बनवतो. ते सगळीकडे जाण्याआधी गावात नेऊन लोकांच्या शेजारी बसायचं, त्यांचं बोट कुठे अडतं ते लिहून घ्यायचं, हे माझं काम. आई अकोल्याच्या नातेवाइकांना सांगते, ‘आमची पोरगी लोकं फोन पाहतात ते पाहते.’ काकांना आम्ही सोबतीला घेतलं ते एवढ्यासाठी की ओळखीचा माणूस असला की दार उघडतं.

पण काका विचित्रच. ज्याचं उत्तर ‘हाव’, म्हणजे ‘हो’, येईल असा प्रश्न ते विचारत नाहीत, आणि स्वतःही कधी ‘हाव’ म्हणत नाहीत. चहा घेता का म्हटलं तर "अर्धा." बस मिळाली का म्हटलं तर "मांगच्या सीटवर." पुतणीला स्थळ आलं तेव्हा सगळे विचारत होते, मुलगा निर्व्यसनी आहे ना, स्वभाव चांगला आहे ना. मुलाची आई माना डोलावत होती. काकांनी विचारलं, "पोरगा सकाळी उठला का त्याचं अंथरूण कोन उचलते?" ती माउली मुलाकडे पाहू लागली, मुलगा भिंतीकडे. स्थळ मोडलं. घरचे अजून काकांशी नीट बोलत नाहीत.

आमच्या ॲपमध्ये रोज सकाळी एक गोड आवाज विचारायचा, ‘आज गोळी घेतली का?’ खाली दोन बटणं. हिरवं ‘हो’, लाल ‘नाही’. उत्तर गावातल्या आरोग्यसेविकेच्या, आशाताईच्या, हजेरीत जमा व्हायचं. दर्यापूरजवळच्या एका गावात दीड महिना ते चालवून पाहिलं. रोज सगळे हिरवे. पुण्याचे आमचे सर खूश झाले. सोमवारी माझा अहवाल गेला की अंजनगाव सुर्जीत सुरू करायचं ठरलं. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन पाहिली. "साराच हिरवा. एकई तूट नाई. असं वावर कुठी असते काय बाई?"

मला राग आला. म्हटलं, चला, दाखवते तुम्हाला.

गेलो त्याच गावातल्या, बीपीच्या पेशंट सुमनआजींकडे. ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "आजी, गोळी रोज घेता ना?"

"घेतो नं माय. हाव."

मी काकांकडे पाहिलं, झालं समाधान? काका खाली बसले. "सुमनबाई, पाकीट कुठी ठेवता?"

 आजी उठल्या आणि देव्हाऱ्यामागून गोळ्यांची पाकिटं आणली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"काहून?" काकांनी विचारलं. आवाजात दटावणी नव्हती.

"थ्या गोयीनं सारखं लघवीले लागते. वावरात निंदाले जातो, बाजूनं मानसं राहते. कुठी बसू मी?"

"मंग हिरवं काहून दाबता?"

"लाल दाबलं का आशाताईले वरून बोलनं खा लागते म्हनते. लेकुरवाळी बाई हाय थे. आपल्यापायी तिले काहून तरास?"

पुढच्या घरीही तेच निघालं, त्याच्या पुढच्या घरीही. हिरवं दाबा असं आशाताई यांना कधी म्हणाल्या नव्हत्या, लोकांनीच आपसात ठरवलं होतं. मला लाज वाटली. दीड महिन्यापूर्वी मी याच आजींच्या शेजारी बसून त्यांचं बोट पाहत होते. ते एकदाही अडखळलं नव्हतं, आणि तसं मी वहीत लिहूनही घेतलं होतं.

दर्यापूरला जीप भरायची वाट पाहत बसलो. काका आपणहून बोलायला लागले.

"मी बी खिडकीतून हेच इचारो. गोयी घेतली काय? सारे हाव म्हने. मांगं लाइन राहे. मलेई घाई, त्याईलेई घाई." समोरच्या रसवंतीकडे पाहत ते पुढे म्हणाले, "घरी बी तेच. शांते, गोयी घेतली काय? हाव म्हने. थे गेल्यावर शेवयाच्या डब्यात सापडल्या साऱ्या. मीच दवाखान्यातून आनेल पाकिटं."

"का नाही घेतल्या काकूंनी?"

"थेच तं मालूम नाई मले. मी ‘काहून’ असं कधी इचारलंच नाई." मग म्हणाले, "कंपाउंडरच्या बायकोनं गोयीची तक्रार कोनाजवळ करावं?"

जीप भरली, आम्ही बसलो.

सोमवारी मी अहवाल दिला नाही. सरांना फोनवर सांगितलं, तो प्रश्न काढा, लाल-हिरवं काढा. ‘पाकिटात किती गोळ्या उरल्या?’ आणि ‘गोळीनं काय त्रास होतो?’ हे विचारा, आणि उत्तर डॉक्टरांकडे जाऊ द्या, आशाताईच्या हजेरीला लावू नका. सर म्हणाले, सुरुवात लांबेल, वर काय तोंड दाखवू? मी म्हटलं, मग अहवालावर माझं नाव नको. सर चिडले, पण थांबले. नव्या स्क्रीनवर मीटिंग झाली तेव्हा त्यांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "काका, तुम्हाला समजली का?" काका म्हणाले, "साहेब, काय समजलं थे इचारा." सर हसले. मग त्यांनी खरंच तसं विचारलं.

नवं ॲप गावात गेलं. सुमनआजींनी फोनमध्ये लघवीचं सांगितलं, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. हे सांगायला मी दुपारी काकांच्या घरी गेले. त्यांची मुलगी नागपूरला असते, इथे ते एकटेच. आजींचं ऐकून त्यांनी तीनदा विचारलं, "आता कोन्ती गोयी देली? निंदाले गेली का काय करते थे?" डोळे पुसले आणि चष्म्यालाच दोष दिला.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओटा लख्ख. गॅस थंड. घासणीसुद्धा कोरडी होती.

बाहेर येऊन मी सवयीनं विचारलं, "जेवले काय काका?"

"हाव," काका म्हणाले.

त्यांचं स्वतःचं उत्तर म्हणून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी समोर बसले.

"भाजी कायची होती?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दाराबाहेर पाहिलं.

स्वयंपाक करू का, असं मी विचारलं नाही. नको म्हणाले असते. उठले आणि पदर खोचला.

"कणीक कुठे असते?"

"वरच्या फळीवर," काका हळूच म्हणाले. "शेवयाच्या डब्याच्या मांगं. थ्या डब्याले मातर हात नोको लावजो बाई."