भिंगरीच्या टोपीचा अर्ज

हनुवटीवर तीन, कपाळावर सात आणि नाकाच्या शेंड्यावर एक, अशा एकूण अकरा मुरमांची नोंद त्या सकाळी झाली. नोंद माझ्या लेकीनेच केली, आरशासमोर, दात घासता घासता. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती चालत नाही, पळते. वय तेरा. शाळेच्या रिले शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा होता आणि शर्यत होती पंधरा दिवसांनी, भर दुपारी, उघड्या मैदानावर.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. म्हणाल्या, "याने त्वचा उन्हाला हळवी होते. उन्हात मुरमं वाळल्यासारखी वाटतात, पण डाग काळे पडून बसतात. पळू दे तिला खुशाल. फक्त टोपी घालायची."

फक्त टोपी. मी पांढरी टोपी घेऊन शाळेच्या कार्यालयात गेले.

"टोपी गणवेशात नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"पण ऊन आहे ना, साहेब."

"ऊनही गणवेशात नाही. पण ते आपलं आपण येतं. टोपी तुम्ही आणलीत."

मी टोपी हातात फिरवत तिथेच उभी राहिले. त्यांनाच दया आली आणि त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात टोपीचा रकाना नव्हता. 'प्रकाशबाधित विद्यार्थी' असा होता. मी तिथे खूण केली. माझी चूक ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला खिडकीजवळच्या बाकावरून उठवून भिंतीशी बसवलं. तिसऱ्या दिवशी तिचं नाव संघातून निघालं. खेळाचे सर हळहळले. "पोरगी वाऱ्यासारखी पळते हो, ताई. पण मैदानावर प्रकाश आहे. बाधिताला पळवलं तर उद्या मलाच नोटीस!" चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंच्या फोनवर मजकूर आला की ट्यूबलाइटनेही मुरमं येतात. खाली 'सर्वांना पाठवा' असं लिहिलेलं होतं, म्हणजे तो शास्त्रीय असणारच. भिंगरीची रवानगी नकाशांच्या खोलीत झाली.

"तिथे दिवाच नाही, आई," ती माझ्या मांडीवर डोकं टाकून म्हणाली. "मी पृथ्वीच्या गोलावर हात ठेवून बसते. समुद्र गुळगुळीत लागतो." मग डोकं उचलून, "मला पळायचंय गं."

मी अर्ज मागे घ्यायला धावले.

"अर्ज मागे घेता येईल," हेडक्लार्क म्हणाले, "बाधा नाही घेता येणार. बरी झाल्याचा दाखला आणा."

"त्याला तीन महिने लागतील!"

"आम्ही थांबू की. आम्हाला कुठे पळायचंय?"

तेवढ्यात दुसऱ्या एका आईची तक्रार दाखल झाली. "यांच्या मुलीला अकरा, आमच्या मुलाला अठरा. मग वेगळी खोली तिलाच का?" प्रश्न बिनतोड होता. वर्गशिक्षकांनी शिरगणतीत डोकी मोजतात तशी तोंडं मोजली. एकशे त्रेचाळीस विद्यार्थी बाधित निघाले. नकाशांच्या खोलीत बारा मावतात. तेव्हा बैठकीत ठरलं की मुलांना प्रकाशातून हलवण्यापेक्षा प्रकाशालाच शाळेतून हलवावं. खिडक्यांना काळे पडदे लागले, वर्गांतल्या ट्यूबलाइट उतरवल्या. शाळेत अंधार झाला आणि समानता आली.

गणिताचे सर सवयीने फळ्यावर लिहीत राहिले. कुणाला काही दिसलं नाही, आणि चाचणीच्या निकालात फरकही पडला नाही. एकच मुलगा सात जणांची हजेरी देऊ लागला. आणि माझी लेक त्या दिवशी घरी आली ती हसतच.

"आई, आज दिवसभरात कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही, चेहऱ्याला काय झालं म्हणून!"

आता सगळेच अंधारात, म्हणून तिला वेगळं वगळायचं कारण उरलं नाही. भिंगरी संघात परतली. शर्यत लांब व्हरांड्यात ठेवली, पडदे ओढून. आम्ही पालक भिंतीला पाठ लावून उभे. नुसते आवाज. धपधप पावलं, "घे!", "अरे, हात कुठंय तुझा?", कुणीतरी कुंडीवर आदळलं. आणि मग टोकाच्या भिंतीवर फाडकन तळवा बसला आणि एक आवाज आला, "आले!" तो आवाज मी कुठल्याही अंधारात ओळखीन.

पण पहिलं कोण, हे ठरवायला दिसावं लागतं. हेडक्लार्कांनी एका मिनिटाच्या प्रकाशाला लेखी मंजुरी दिली. दिवा लागला.

भिंगरी भिंतीला हात टेकून उभी होती, धापा टाकत, घामाने निथळत. बाकीचे दहा पावलं मागे. मग मुख्याध्यापिकाबाई, सर, आया, सगळे तिच्याभोवती गोळा झाले.

"अगंबाई, किती हे डाग!"

"काय लावतेस गं चेहऱ्याला?"

खरं सांगते, मीसुद्धा आधी हनुवटीच पाहिली. तीनची चार झाली होती.

मिनिट संपलं. दिवा गेला. एक घामेजलेला हात माझा हात शोधत आला. निकाल नोंदवायचा राहूनच गेला.

ती पहिली आली. इथे लिहून ठेवते, कारण अजून कुणी विचारलेलं नाही. मलमाचं नाव मात्र आजवर एकोणीस जणांनी विचारलं. विसावे तुम्ही. मी ते कधी सांगते याची मघापासून वाट बघताय ना?