पानाची पाठ

विद्यापीठाच्या छापखान्यातून नवं पुस्तक निघालं म्हणून गल्लीत गूळ वाटणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आम्ही हिंगणघाटात पाहिला आहे, त्याचा गूळही खाल्ला आहे. देवरावजी जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. पुस्तकांशी त्यांचा संबंध म्हणाल, तर पंचांगापुरता.

मी त्यांचा शेजारी आणि कॉलेजात मास्तर, म्हणून त्या दूरगावच्या विद्यापीठाचं वार्तापत्र माझ्या नावावर यायचं. छापखान्याच्या बातम्या आणि नवी पुस्तकं, एवढाच त्यात मजकूर. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की देवरावजी माझ्याआधी माझ्या दारात हजर.

"सर, रेडिओवाल्यासारखं वाचजा. घाई नोको."

मी वाचायचो, 'कुक्कुटपालनातील रोगनिदान.'

"वा!"

'ताम्रपटांच्या लिपीचा इतिहास.'

"वा वा! मागवा!"

मग पुस्तक व्ही.पी.नं यायचं आणि गूळ वाटला जायचा. त्यांची बायको, रुक्माकाकू, कपाळावर हात मारून घ्यायच्या. "घरात एक कोंबडी नाई, अन् हे तिचं दुखणं मागवून राह्यले!"

बरं, वाचत मुळीच नसत. पान उलटायचं, डोळे मिटायचे आणि पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवायचा, जिनिंगमध्ये कापूस चिमटीत धरून पाहायचे तसा. मग निकाल जाहीर व्हायचा, "धागा लंबा आहे, सर!" कोंबड्या असोत की ताम्रपट, निकाल ठरलेला.

एकदा मी चिडवलं, "देवरावजी, पुस्तक पुढून वाचतात."

"पुढून तुमी वाचा. तुमी शिकलेले."

माणूस थोडा सरकलेला आहे, असं माझं मत झालं होतं. खरी गोष्ट काकूंनी सांगितली. त्यांचा मुलगा मनोहर त्याच छापखान्यात जुळारी होता, शिशाचे खिळे जुळवायचा. जाताना बापलेकांची जुंपली. "शिसं चिवडून पोट भरते का? जात असशीन तर माघारी येऊ नोको," असं देवरावजी बोलून गेले, आणि पोरगा बापाचाच निघाला. ना पत्र, ना निरोप.

"पुस्तकावर जुळवणाऱ्याचं नाव राहत नाई ना, सर," काकू म्हणाल्या.

नाव नसतं, पण दाबलेल्या खिळ्यांचा उठाव पानाच्या मागे हाताला लागतो. देवरावजी आपला पोरगा चाचपून पाहत होते. मला फार वाईट वाटलं. चिडवणं त्या दिवशी बंद झालं.

"तुम्हीच बोलवा की त्याला," मी एकदा म्हटलं.

"मी काऊन बोलावू? पाय त्याले नाई का?"

मग एका वार्तापत्रात बातमी आली: खिळ्यांची जुळणी बंद, यापुढे सगळी छपाई ऑफसेटवर. मी चाचरतच वाचली. देवरावजी टुणकन उठले.

"खिळे मोडीत निघाले, सर! आता तो तिथं काय करन? येते आता घरी!"

मला पुढचं वाचूच दिलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर गूळ. पोराची नोकरी गेली म्हणून गूळ वाटणारा बापही आम्हीच पाहिला. दुसऱ्या दिवशी ते मागची खोली चुन्यानं रंगवत होते, आणि मला राहिलेली ओळ सांगणं भाग होतं.

"देवरावजी, जुन्या जुळाऱ्यांना नवं यंत्र शिकवून तिथंच ठेवून घेतलंय."

कुंचला हातातच राहिला.

"म्हणजे नोकरी शाबूत आहे?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरंच झालं." खोली मात्र त्यांनी पुरी रंगवली.

पुढं नवं पुस्तक आलं. देवरावजींनी माझ्या ओसरीवर बसून पान उलटलं, डोळे मिटले, अंगठा फिरवला. परत फिरवला. दुसरं पान, तिसरं पान. मग पुस्तक माझ्यापुढं धरलं.

"सर, तुमच्या हाताले काई लागते का?"

मी बोट फिरवलं. पान दोन्हीकडून गुळगुळीत होतं; ऑफसेटात खिळे दाबलेच जात नाहीत. खोटं बोलावंसं वाटलं, पण कापूस पारखणाऱ्यापुढं कसं बोलणार?

"नाही लागत."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग खिशातून कोरं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणजे घरूनच घेऊन आले होते.

"लिहा, सर. बापाच्या हाताले आता काईच लागत नाई म्हणा. येजो म्हणा."