उशाशी ठेवलेली नीलम

पाळण्यात वाकून आत्यानं, शिवकांतानं, भाचीच्या कानात नाव सांगितलं आणि मान वर करून सगळ्यांना ऐकवलं, "नीलम!" बायकांनी कुर्रर्र केलं. आजोबा रेवणप्पांच्या हातातला पेढा मात्र तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"नीलम? शनीचा खडा?"

"अप्पा, नीलम म्हणजे निळा. आपल्या निळकंठाचा रंग हाय की!"

"देवानं विष पचवलं म्हणून तो निळा झाला. मला साधी डाळ पचंना!"

रेवणप्पांची लातुरात डाळीची पेढी. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर आले, लाल दिव्याची गाडी आली, पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. अशा दुष्काळात शनीला पाळण्यात घालून झोके द्यायचे, ही कल्पनाच त्यांना सोसेना. सुनेचा, रुद्राणीचा, चेहरा पडला. पोटात पोर असल्यापासून तिनं नणंदेबरोबर हेच नाव मनाशी धरलं होतं.

रेवणप्पांनी तडक ताहेरभाईंचं खड्यांचं दुकान गाठलं.

"ताहेरभाई, नीलम घरात आलीय. लाभंल का?"

ताहेरभाई अंगठी घासण्यात गर्क होते. मान वर न करता म्हणाले, "एकदम बोटात नका घालू, शेठ. आधी उशाशी ठेवून झोपा. लाभला तर ठीक."

घरी येऊन रेवणप्पांनी फर्मान काढलं, "नाव कच्चं हाय. रोज दुपारी पोरीला माझ्या उशाशी निजवा. लाभलं तर पक्कं, न्हाईतर गंगा ठिवू. निदान पाणी तरी येईल."

पहिल्याच दुपारी पोरीनं आजोबांची करंगळी मुठीत धरली ती सोडेचना. तेवढ्यात टँकर आला. उठावं तर पोर जागी होणार! रेवणप्पा तसेच पडून राहिले आणि गल्ली घागरी भरून मोकळी झाली.

"बघा, नाव भोवलं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नांदेडचा मोठा व्यापारी सौद्याला आला. पोरीचा नुकताच डोळा लागलेला. रेवणप्पांनी ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच थोपवलं. तो फणफणत शेजारच्या पेढीवर गेला. पुढच्या दुपारी तर कलेक्टरांनी व्यापाऱ्यांची बैठक बोलावली आणि ऐन निघताना पोरीनं नवं धोतर भिजवलं. धुवायला घरात पाणी नव्हतं. रेवणप्पा घरीच बसले.

रुद्राणीनं डोळे पुसले. "मामा, तुम्ही म्हणाल ते नाव ठिवू."

नेमके त्याच वेळी ताहेरभाई चौकशीला आले. रेवणप्पांच्या उशाशी निजलेली पोर बघून चाट पडले. "या खुदा! हा नीलम होय?"

"हाच. न्हाई लाभला. आता काय करायचं?"

हसू दाबत ताहेरभाई म्हणाले, "खडा असता तर सांगितलं असतं. न लाभलेला खडा घरात ठेवत न्हाईत. ज्याचा त्याला वापस."

रुद्राणीची आई सिद्धम्मा बारशापासून मुक्कामालाच होती. ती लगेच पुढं झाली. "मग मी नेते उदगीरला. आमच्या विहिरीला अजून पाणी हाय. नावबी हेच राहील."

रेवणप्पा दचकले. "नेते म्हंजे?"

"तुम्हाला लाभंना ना, अण्णा?"

"कोण म्हणलं लाभंना?" रेवणप्पा एकदम तापले. "त्या नांदेडवाल्यानं मागच्या खेपेला मला बुडवलंच होतं! आन् बैठकीत जाऊन काय कलेक्टर मला पाणी पाजणार होते? पोरीनं वाचवलं मला!"

"आन् टँकर?" शिवकांतानं विचारलं.

"तू गप गं."

सिद्धम्मानं पोरीला उचलायला हात पुढं केले. रेवणप्पांनी आपला हात वर केला. करंगळी आजही त्या इवल्या मुठीत घट्ट होती.

"बोटात बसलाय खडा. आता निघत न्हाई," ते म्हणाले. रुद्राणी रडता रडता हसली.

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सगळं घर घागरी घेऊन धावलं, पाठोपाठ ताहेरभाईही एक बादली घेऊन पळाले. रेवणप्पा जागचे हलले नाहीत.

"हळू पळा रे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "नीलम झोपलीय."